रंगवायचं चित्र मोबाइलवरून कागदावर: झेरॉक्सच्या काउंटरवरून सांगते

मुलांनी रंगवायच्या चित्रात रंग नसतो, नुसती रेघ असते. ती रेघ बिघडली की चित्रात उरत काहीच नाही. फोटो जरा धूसर छापला तरी माणूस ओळखू येतो. रंगवायच्या चित्राचं तसं नाही. रेघ फिकट असेल, तुटलेली असेल, भोवती करड्या ठिपक्यांचा धुरळा असेल, तर चार वर्षांच्या मुलाला आत कुठे आणि बाहेर कुठे हेच कळत नाही. दोन फटकारे मारून ते कागद बाजूला सारतं आणि आई म्हणते, याला चित्रकलेत रसच नाही. मला हे ऐकून वाईट वाटतं, कारण दोष त्या लेकराचा नसतो.

माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी, शाळेसमोर आमचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि काउंटरवर मी असते. अंगणवाडीच्या ताई, झेडपीच्या शाळेतले गुरुजी, घरी जाता जाता थांबलेल्या आया, नातवाला घेऊन आलेले आजोबा, सगळे मोबाइल पुढे करून म्हणतात, "ताई, एवढं चित्र काढून द्या." मूळ चित्र बहुतेक वेळा चांगलं असतं. माझ्या हातात येईपर्यंत वाटेत त्याची दशा झालेली असते. मशीनवर नंतर फारसं काही करता येत नाही. म्हणून जे करायचं ते घरूनच कसं करायचं, ते सांगते.

उतरवून घेताना

पहिली गोष्ट, स्क्रीनशॉट काढू नका. साध्या मोबाइलच्या स्क्रीनची रुंदी बहुधा १०८० पिक्सेल, म्हणजे चित्र ज्यांनी बनतं ते बारीक ठिपके, एवढी असते. ए-फोर कागदावर स्वच्छ, टोकदार रेघ हवी असेल तर चित्र सुमारे २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं लागतं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. स्क्रीनशॉट त्याच्या निम्मासुद्धा भरत नाही. वर बॅटरीचं चिन्ह, खाली जाहिरातीची पट्टी, हेही त्यात येतं. ते कापलं की चित्र आणखी लहान होतं.

गुगलवर चित्र शोधलं की जी छोटी छोटी चित्रं रांगेने दिसतात, तिथेच बोट दाबून सेव्ह करणारेही पुष्कळ. ती नुसती नमुन्याची चित्रं असतात. त्यावर टिचकी मारा, ज्या पानावरून ते आलंय ते पान उघडा, आणि तिथे 'डाउनलोड' किंवा 'पीडीएफ' असं बटण आहे का बघा. असेल तर तेच घ्या. रंगवायच्या चित्रांसाठी पीडीएफ सगळ्यांत उत्तम, कारण त्यात कागदाचा आकार ठरलेला असतो आणि बऱ्याचदा रेघ अशा पद्धतीने साठवलेली असते की कितीही मोठी केली तरी फाटत नाही. पीडीएफ नसेल तर चित्र पूर्ण उघडून, त्यावर बोट दाबून धरून 'डाउनलोड इमेज' करा.

काही पानांवर चित्र सेव्हच होत नाही, फक्त प्रिंटचं बटण असतं. तेव्हा अँड्रॉइडवर प्रिंट निवडा आणि वर प्रिंटरच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ' घ्या. आयफोनवर शेअर, मग प्रिंट, आणि समोर जे पान दिसतं ते दोन बोटांनी मोठं करा. ते पीडीएफ होऊन उघडतं, मग शेअरमधून 'सेव्ह टू फाइल्स'.

पीएनजी आणि जेपीजी दोन्ही मिळत असतील तर पीएनजी घ्या. जेपीजी फोटोसाठी बनलेलं आहे. काळ्या रेघेच्या कडेला ते बारीक करडे ठिपके सोडतं, आणि प्रत्येक वेळी नव्याने सेव्ह केलं की ते वाढतात. पीएनजीत ही भानगड नाही. मात्र एक लक्षात ठेवा. काही पीएनजी चित्रांना पांढरी पार्श्वभूमी नसते, ती पारदर्शक असतात. एखाद्या ॲपमधून त्यांची जेपीजी केली की मागचा सगळा भाग काळाकुट्ट होतो आणि चित्रच गायब होतं. असं झालं तर मूळ पीएनजी पाठवा. दुकानदार ती वर्डच्या पांढऱ्या पानावर ठेवून छापू शकतो. फाइलच्या शेवटी 'वेबपी' असेल तर जुन्या संगणकांवर ती उघडत नाही. घरी संगणक असेल तर पेंटमध्ये उघडून पीएनजी म्हणून सेव्ह करून आणा.

पाठवताना

इथे सर्वांत जास्त नुकसान होतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र लहान होऊन जातं. हल्ली एचडीचं बटण आलंय, त्याने थोडा फरक पडतो, पण मूळ फाइल जशीच्या तशी जायची असेल तर ती डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायला हवी. पेपरक्लिपच्या चिन्हावर जा, 'गॅलरी' न घेता 'डॉक्युमेंट' घ्या आणि तिथून चित्र निवडा. एवढंच. समोरच्याला चित्राऐवजी फाइलचं नाव दिसेल, त्याने घाबरायचं नाही.

शाळेच्या ग्रुपवरून आलेलं चित्र कुठून कसं आलंय ते ओळखायची एक खूण सांगते. अँड्रॉइडवर फाइलचं नाव बघा. 'आयएमजी', मग तारीख आणि मग 'डब्ल्यूए' ही अक्षरं दिसली, तर ते चित्र व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेलं आहे. ते आता डॉक्युमेंट म्हणून पुढे पाठवून काही परत मिळत नाही, गेलेले पिक्सेल गेले. ज्यांनी पहिल्यांदा टाकलं त्यांच्याकडूनच मूळ फाइल किंवा पानाची लिंक मागून घ्या. मागायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे, पण एका मॅडमनी ग्रुपवर नीट फाइल टाकली तर पूर्ण वर्गाचं काम होतं.

शिक्षकांनी तर गुगल ड्राइव्हवर एक फोल्डर करावा हे बरं. त्यात महिन्याची चित्रं ठेवा, फोल्डर शेअर करताना 'एनीवन विथ द लिंक' आणि 'व्ह्यूअर' असं ठेवा, आणि लिंक ग्रुपवर टाका. हे सेटिंग राहून गेलं की पालक दुकानात उभे राहतात, माझ्या स्क्रीनवर 'रिक्वेस्ट ॲक्सेस' येतं, आणि मॅडम तेव्हा वर्गावर असतात.

आयफोनच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो 'एचईआयसी' नावाच्या प्रकारात जातात, ते सगळीकडे उघडत नाहीत. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, आणि तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' करून ठेवा.

आणि कुठल्याही दुकानात, आमच्यासुद्धा, संगणकावर आपलं व्हॉट्सॲप किंवा जीमेल उघडायची वेळ आली तर निघताना लॉगआउट करा आणि मोबाइलमधल्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन खात्री करा. पाठवलेली फाइल पुसून टाका असं दुकानदाराला सांगायला लाजू नका.

छापण्याआधी चित्र डोळे उघडे ठेवून बघा

हे माझ्या मनाच्या फार जवळचं आहे. नेटवर मिळालेलं चित्र बरोबरच असेल असं नाही, आणि मूल जे रंगवतं ते त्याच्या डोक्यात पक्कं बसतं.

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आधी तिरंग्याच्या चित्रांचे गठ्ठे निघतात. प्रत्येक वेळी अशोकचक्राचे आरे मोजा. ते २४ असायला हवेत. १६ किंवा २० आऱ्यांची चित्रं सर्रास फिरत असतात. झेंड्याची लांबी-रुंदी ३ला २ या प्रमाणात असते, आणि ए-फोर कागदाचं प्रमाण वेगळं आहे. पान पूर्ण भरावं म्हणून चित्र ताणलं की चक्राचं अंडं होतं. तेव्हा वर-खाली पांढरी जागा राहू द्या.

महाराष्ट्र दिनाला नकाशा रंगवायला देतात. त्यात पालघर वेगळा दाखवलाय का ते बघा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला आणि जिल्हे ३६ झाले. ३५ जिल्ह्यांचा जुना नकाशा अजून फिरतो आहे. भारताच्या नकाशात तेलंगण आणि लडाख वेगळे दाखवलेत का ते तपासा.

बैलाचं तर काय सांगू. आमच्याकडे आषाढात बेंदूर असतो, विदर्भ-मराठवाड्यात श्रावणाच्या अमावास्येला पोळा. दोन्हीकडे मुलांना बैल रंगवायला देतात. आणि नेटवरून जे उतरवलं जातं ते बिनवशिंडाचं, आखूड शिंगांचं, अंगावर ठिपके असलेलं परदेशी जनावर. माणदेशातल्या पोराच्या दारात खिलार उभा असतो, लांब मागे वळलेली शिंगं, उंच वशिंड. तो त्या चित्राकडे बघून म्हणतो, हा आमचा नाही. शोधताना नुसतं बैल न लिहिता 'खिलार' लिहून बघा, 'वशिंड असलेला बैल' असं बघा. नाहीच मिळालं तर गुरुजींनी स्वतः काढावं, त्याची रीत खाली सांगितली आहे.

वयाचाही विचार करा. तीन-चार वर्षांच्या मुलाला एकच मोठी वस्तू, जाड रेघ आणि चार-पाच मोकळ्या जागा पुरतात. बारीक नक्षीचं मंडल त्याच्यासमोर ठेवू नका, ते चौथी-पाचवीच्या मुलींना द्या, त्या तासन् तास बसतात.

छापताना काय सांगायचं

दुकानात आल्यावर पहिलं वाक्य असं म्हणा: "ब्लॅक अँड व्हाइट, एका बाजूला." काळ्या रेघेचं चित्र दिसायला काळं असलं तरी फाइलमध्ये त्यात निळसर छटा असू शकते. रंगीत मशीनवर पाठवलं तर ते रंगीत पान म्हणून मोजलं जातं आणि पैसे तसे लागतात. 'ग्रेस्केल' निवडलं की प्रश्न मिटतो. घरी इंकजेट असेल तर 'ब्लॅक ओन्ली' असा पर्याय दिसतो का बघा, नाहीतर काही प्रिंटर तीन रंग मिसळून काळा करतात आणि महागाची शाई संपवतात.

घरच्या संगणकावर विंडोजमध्ये चित्रावर राइट क्लिक करून प्रिंट दिलं की जी चौकट उघडते, तिच्या खाली 'फिट पिक्चर टू फ्रेम' असं लिहिलेलं असतं आणि समोर टिक असते. ती टिक काढा. असली की चित्राच्या कडा कापल्या जातात, मोराचा पिसारा अर्धा, हत्तीची शेपटी गायब. बऱ्याच लोकांना वाटतं प्रिंटर बिघडला. प्रिंटर ठीक असतो, ही एक टिक नडते.

पीडीएफ छापताना अडोबी रीडरमध्ये 'फिट' ठेवा. कुठलाही साधा प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही, चार-पाच मिलिमीटर सोडतो. चित्राला चौकट असेल आणि 'ॲक्च्युअल साइझ' ठेवलं तर एका बाजूची चौकट जाते.

अडोबी रीडरच्या त्याच प्रिंटच्या खिडकीत आणखी दोन बटणं आहेत, ती फार कामाची. 'मल्टिपल' निवडून एका पानावर २ चित्रं घेतली की ए-फोर मधोमध कापून दोन मुलांना देता येतो. वाढदिवसाला पाहुण्या पोरांना द्यायला हा आकार छान. दुसरं 'पोस्टर'. एक चित्र चार कागदांवर पसरून छापतं, ते चिकटवलं की भिंतीवर लावायला मोठं चित्र तयार. आषाढी एकादशीला दिंडीचं असं एक चित्र करून अख्ख्या वर्गाने मिळून रंगवावं, ही माझी आवडती कल्पना आहे, प्रत्येकाला एक वारकरी. 'टाइल स्केल' मात्र २०० टक्क्यांच्या जरा खालीच ठेवा. कडांना सोडलेली जागा धरून २००ला चित्र चार कागदांत मावत नाही आणि एकदम ९ कागद निघतात. बाजूच्या नमुन्यात किती पानं होणार ते दिसतं, ते बघूनच बटण दाबा.

चाळीस मुलांसाठी चाळीस प्रती हव्या असतील तर एक प्रिंट काढून तिच्या झेरॉक्स काढू नका. फाइलवरूनच प्रतींची संख्या ४० द्या, म्हणजे प्रत्येक पान पहिल्यासारखंच येतं. फाइल नसेल, जुना कागदच असेल, तर त्याची एक स्वच्छ मास्टर कॉपी पिशवीत वेगळी ठेवा आणि दरवेळी तिच्यावरूनच काढा. प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत असं चाललं की रेघ जाड आणि फुटकी होत जाते. मोठ्या कागदावर हवं असेल तर ए-फोरचं ए-थ्री करायला १४१ टक्के सांगा.

फिकट चित्रासाठी शेवटचा उपाय: मोबाइलवरच्या गुगल ड्राइव्हच्या ॲपमधलं 'स्कॅन' उघडा, फिकट कागदावर धरा आणि फिल्टर 'ब्लॅक अँड व्हाइट' करा. करडं सगळं उडतं, रेघ काळी होते.

कागद आणि रंग एकमेकांना मानवायला हवेत

आमच्याकडे रोजचा कागद ७५ जीएसएमचा, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ७५ ग्रॅम. रंगीत पेन्सिल आणि खडू यासाठी तो ठीक आहे. स्केचपेन मात्र त्यातून मागे उतरतं. म्हणूनच मी एका बाजूलाच छापा म्हणते. स्केचपेनसाठी १०० जीएसएम मागा. पाण्याचे रंग द्यायचे असतील तर १५० किंवा अधिक, नाहीतर कागद फुगून वाकतो. इतका जाड कागद सगळ्या मशीनांतून जात नाही. बाजूच्या ट्रेमधून एकेक घालावा लागतो, तेव्हा गर्दीच्या वेळी न येता दुपारी या. ड्रॉइंगची सुटी शीट आणणार असाल तर आधी ए-फोरच्या मापात नीट कापून आणा, कोपरा दुमडलेला नको.

लेझर आणि झेरॉक्स मशीनमध्ये शाई नसते, टोनर असतो. प्लॅस्टिकची बारीक पूड उष्णतेने कागदावर वितळवून बसवतात. त्यामुळे त्यावर पाण्याचे रंग फिरवले तरी रेघ पसरत नाही. जाड कागदावर मात्र प्रिंटच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार 'थिक' करायला सांगा, म्हणजे मशीन सावकाश चालतं आणि पूड नीट बसते. नाहीतर नखाने खरवडली तरी निघते. घरच्या इंकजेटची गोष्ट वेगळी. काहींत काळी शाई पाण्याला टिकते, काहींत नाही. कडेला एक रेघ छापून, तासाभराने ओलं बोट फिरवून बघा. काळं पसरलं तर त्या पानाला फक्त खडू.

कोणाचं चित्र आहे, ते बघून घ्या

घरच्या मुलासाठी मोफत पानावरून एक चित्र छापलं तर कोणी विचारत नाही, पान 'पर्सनल यूज' म्हणतं ते याचसाठी. पण तीच चित्रं पुस्तकासारखी बांधून स्नेहसंमेलनात विकणं चालत नाही. कार्टूनमधल्या लोकप्रिय पात्रांवर तर कंपन्यांचा हक्क असतो. शाळेसाठी १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात सवलत आहे, शिकवण्याच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत हा भंग नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर परदेशी प्रकाशकांनी खटला भरला होता, त्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार घेतला. आमच्या धंद्यातल्या माणसाला तो निकाल माहीत असायलाच हवा. पण तो शिकवण्यासाठी आहे, विक्रीसाठी नाही.

निर्धास्तपणे वापरता येतील अशा जागाही आहेत. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' २०१५पासून आहे. तिथल्या गोष्टी मराठीतही मिळतात, पीडीएफ उतरवता येते आणि 'सीसी बाय' परवान्यामुळे लेखक-चित्रकाराचं नाव खाली दिलं की छापता, वाटता येतं. न्यूयॉर्क ॲकॅडमी ऑफ मेडिसिनच्या ग्रंथालयाने २०१६ साली 'कलर अवर कलेक्शन्स' हा उपक्रम सुरू केला. त्यात जगभरची ग्रंथालयं आणि संग्रहालयं आपल्या जुन्या पुस्तकांतली पक्षी, झाडं, जनावरं यांची रेखाचित्रं रंगवायला देतात. सातवी-आठवीच्या मुलांना ती फार आवडतात. परवान्यात 'एनसी' लिहिलं असेल तर विकायचं नाही, 'एनडी' असेल तर बदल करून वाटायचं नाही.

स्वतः काढलेलं चित्र

सगळ्यांत छान चित्रं मी पाहिली ती शिक्षकांनी हाताने काढलेली. पांढऱ्या कोऱ्या कागदावर पेन्सिलीने काढा, मग काळ्या मार्करने गिरवा, पेन्सिल पूर्ण खोडा. रेषांचे टोक एकमेकांना भिडू द्या, जागा बंद झाली की मुलाला आतलं-बाहेरचं कळतं. खिडकीजवळ उजेडात ठेवून, मोबाइल बरोबर वरून धरून ड्राइव्हने स्कॅन करा, ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावा, पीडीएफ तयार. फाइलला नाव द्या, 'खिलार बैल, जाड रेघ' असं, म्हणजे पुढच्या बेंदराला शोधावं लागत नाही.

रंगवून झालेलं चित्र मामाला, आजीला पाठवायचं असेल तर त्याचाही असाच वरून, दिवसाच्या उजेडात फोटो काढा. ग्रुपवर किंवा फेसबुकवर टाकणार असाल तर कोपऱ्यातलं मुलाचं पूर्ण नाव, शाळा आणि तुकडी दिसणार नाही असं बघा. नाव लिहायचंच असतं, तर ते मुलाला चित्राच्या मागे पेन्सिलीने लिहायला सांगा.